मदत हवी आहे: उलटतपासणीचा सराव कसा करता?

नमस्कार मंडळी. मी तालुका कोर्टात फौजदारी बाजूला ज्युनियर वकील आहे. सीनियर अजून साक्षीदार माझ्या हाती देत नाहीत, आणि बरोबरच आहे. एक नको तो प्रश्न गेला की आरोपी भोगतो. कॉलेजातल्या मूट कोर्टात (सरावाच्या नकली कोर्टात) नुसता अपिलाचा युक्तिवाद, साक्षीदार नावालाही नव्हता.

म्हणून आम्ही काही ज्युनियर शनिवारी बार रूममध्ये जमतो. निकाली खटल्याचे कागद नावं खोडून घेतो. एक जण पंच (पंचनाम्याचा साक्षीदार) होतो, एक तपासी अंमलदार. सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर सुचवणारे, बऱ्यापैकी जमतात. अडतं ते पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतली विसंगती काढताना. साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १४८: आधी जबाबातला तो मजकूर साक्षीदाराच्या नजरेस आणा, मग तपासी अंमलदाराकडून शाबीत करा. हे पाठ आहे हो! पण साक्षीदार "मी असं सांगितलंच नाही" म्हणाला की पुढचा प्रश्न सुचत नाही. जबाबात नसलेली गोष्ट तो कोर्टात नव्याने सांगू लागला, तर आणखीच पंचाईत.

यासाठी तुम्ही कसा सराव केलात? प्रश्न लिहून नेता की मुद्दे? आणि न्यायाधीश कोणाला करावं? आमच्यातले सगळेच फार समजूतदार निघतात, एकही प्रश्न नाकारत नाहीत.