लकव्याच्या रुग्णाला चाचणीत घ्यावं का?

अबोली:
गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सीटी स्कॅन चालू असतानाच एका डॉक्टरांनी दादाच्या हातात संमतीपत्र दिलं. नवीन औषधाची चाचणी. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळणार, पण वर नवं औषध की नुसतं सलाइन, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. आम्ही नाही म्हटलं. आज वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

एनएक्सवाय-०५९ या पक्षाघातावरच्या औषधाची गोष्ट वाचली म्हणून. २००६ मधल्या मोठ्या चाचणीत त्याने अपंगत्व कमी झाल्याचं दिसलं. तेवढ्यावर ते बाजारात आलं असतं, तर लाखो घरांनी पैसे मोजले असते. २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर पुन्हा तपासलं, तेव्हा काहीच फायदा नव्हता.

वाटसरू:
ताई, तुमची कळकळ कळते, पण ही संमती नव्हेच. झटक्यात उपचाराविना मिनिटाला मेंदूतल्या १९ लाख चेतापेशी मरतात असं डॉक्टरच सांगतात. नवरा तोंड वाकडं होऊन पडलाय, बोलता येत नाही, आणि बायकोने दहा पानी कागद वाचायचा? सरकारी दवाखान्यात तर डॉक्टरांना नाही म्हणायची हिंमतच नसते लोकांची. ते म्हणतील तिथे अंगठा.

रात्रपाळी:
मी स्ट्रोक म्हणजे पक्षाघाताच्या वॉर्डात नर्स आहे. मांडीतून नळी घालून मेंदूतली रक्ताची गुठळी ओढून काढतात, ते आता सगळ्यांना माहीत आहे. पण २०१३ मध्ये तीन चाचण्यांत त्याचा फायदा दिसलाच नव्हता. बऱ्याच रुग्णांत मोठी रक्तवाहिनी बंद आहे का हे आधी बघितलंच नव्हतं, उपकरणंही जुनी होती. मग नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर, रक्तवाहिनी बंद असल्याची खात्री करून, नीट चाचणी झाली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी न काढलेल्या गटात १९ टक्के होते, काढलेल्या गटात ३३ टक्के.

वाटसरू:
आणि त्या ५०० मधल्या २६७ जणांची गुठळी काढलीच नाही, त्यांचं काय?

रात्रपाळी:
फायदा होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं हो. त्यांनाही नेहमीचे उपचार मिळालेच. निकाल आल्यावर तशाच इतर चाचण्या मध्येच थांबवल्या.

अबोली:
वाटसरू, मला जास्त बोचलं ते पुढचं. घरी सोडताना बाबांच्या चिठ्ठीवर सिटीकोलिन हे औषध होतं. २०१२ मध्ये २२९८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता. त्या गोळ्यांसाठी आमची सही कुणी मागितली नाही, महिनोन्महिने आणत राहिलो. पक्षाघातावर मूलपेशी (स्टेम सेल) देण्याचंही तेच. आपल्याच देशात १२० रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. तरी जाहिराती बघा.

वाटसरू:
सिटीकोलिनचं पटलं. ते लिहिणाऱ्यालाही जाब विचारायला हवा. पण संमतीचं मी सोडणार नाही. लॉस एंजेलिसला पक्षाघातावर मॅग्नेशियम देऊन बघायच्या चाचणीत १७०० रुग्ण होते. तिथे रुग्णवाहिकेतच फोनवरून डॉक्टर समजावून सांगायचे आणि संमती घ्यायचे. औषध निरुपयोगी निघालं, पण लोकांशी बोलणं तर झालं! आपल्याकडे एक पान, मराठीत, मोठ्याने वाचून दाखवा. आणि नाही म्हटलं तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे वाक्य सगळ्यात वर छापा.

रात्रपाळी:
ते वाक्य असतं. तिसऱ्या पानावर.