जवसाची चटणी आणि आबांची गोळी

सेक्रेटरी काका: घाण्याच्या शेंगतेलाचे 15 किलोचे डबे मागवतोय. नावं रात्रीपर्यंत द्यावीत, नम्र विनंती.

बी-302 वहिनी: काका, डबा राहू दे. 'जवस खा, रक्ताची गोळी सोडा' हा फॉरवर्ड कुणी टाकला? आबा स्टेंटची गोळी घेत नाही म्हणून बसलेत!

ए-201 भाऊ: मी टाकला. सगळ्यांच्या भल्यासाठीच की.

डॉक्टर ताई: आधी गोळी चालू करा. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटवणारं थ्रॉम्बोक्सेन ए2 ॲराकिडोनिक आम्लापासून (शरीरातलं एक ओमेगा-6 स्निग्धाम्ल) बनतं. आबांची गोळी, ॲस्पिरिन, ते बनवणारं एन्झाइमच कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे नवं एन्झाइम करता येत नाही. 7 ते 10 दिवसांचं तिचं आयुष्य तसंच जातं. पण रक्तात रोज नव्या प्लेटलेट येतात. म्हणून गोळी रोज.

ए-201 भाऊ: ओमेगा-3 पण तेच करतं ना?

डॉक्टर ताई: नाही. माशातलं ओमेगा-3, म्हणजे ईपीए, प्लेटलेटच्या आवरणात ॲराकिडोनिकची थोडी जागा घेतं. त्यापासून थ्रॉम्बोक्सेन ए3 होतं, ते अगदी दुबळं. ही अदलाबदल अर्धवटच होते, तीही काही आठवड्यांनी. जवसात ईपीए नाहीच, एएलए हे वेगळं ओमेगा-3 असतं. शरीर त्यातल्या थोड्याचंच ईपीए करतं. चटणी खा, पण भाजून कुटलेली. अख्खं जवस न पचता बाहेर पडतं, आणि कूट लवकर खवट होतं, म्हणून थोडंच करा.

सी-405: मग बांगडा आणू का? 😀

डॉक्टर ताई: आणा, पण खोल तेलात तळू नका. तिरफळ घालून कालवण करा.

ए-103 काकू: ग्रुपवर मासे नकोत, मागेच ठरलंय.

सी-405: जिन्यात चपला नकोत हेही ठरलं होतं, काकू.

सेक्रेटरी काका: पुन्हा एकदा: शेंगतेल, 15 किलो. करडईपेक्षा बरं ना, ताई?

डॉक्टर ताई: शेंगतेलात साधारण निम्मं ओलेइक (ओमेगा-9 स्निग्धाम्ल), ओमेगा-3 जवळपास शून्य. करडईत लिनोलेइक (ॲराकिडोनिक ज्यापासून बनतं ते ओमेगा-6) भरपूर, पण ते खाल्ल्याने अंगातलं ॲराकिडोनिक फारसं वाढत नाही. दोन्ही चालतील, माप आवरा. तुपकट जेवण आणि वर कुंदा झाला की काही तास रक्तात चरबी वाढते आणि गोठण्याचा फॅक्टर 7 जागा होतो. स्टेंटवाल्यांनी जपावं.

सेक्रेटरी काका: म्हणजे शेंगतेल चालतं. नावं द्या.

बी-302 वहिनी: आबांनी ॲस्पिरिन घेतली. स्टेंटची दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, पण सोडली होती म्हणे.

डॉक्टर ताई: ती प्लेटलेट चिकटवणाऱ्या एडीपी या दुसऱ्या रसायनाचा वेगळा रस्ता अडवते, एकीने दुसरीची भरपाई होत नाही. किती दिवस चुकल्यात ते हृदयाच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगा. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेत असतील तर तेही सांगा. ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ती एन्झाइमची जागा अडवून बसते.

बी-302 वहिनी: घेतात की! लावते फोन.