मदत हवी आहे: वेबपानावर वैदिक स्वरचिन्हे जागेवर बसत नाहीत

नौपाड्यातल्या संस्कृत वर्गासाठी ऋग्वेदातल्या निवडक सूक्तांचे सस्वर (उच्चारातले चढउतार दाखवणाऱ्या चिन्हांसह) पान करतोय. अनुदात्ताची (खालचा स्वर) अक्षराखालची आडवी रेघ युनिकोड ०९५२, स्वरिताची (चढून उतरणारा स्वर) अक्षरावरची उभी ०९५१ (युनिकोडने हिचे नाव उदात्त ठेवलेय, तिकडे लक्ष देऊ नका), दीर्घ स्वरिताच्या दोन रेघा १सीडीए. फॉन्ट शोभिका, सर्व्हरवरूनच लोड होतो.

‘अ॒ग्निमी॑ळे’ नीट दिसते. घोळ विसर्गापाशी आहे. ‘नमः॑’ मध्ये आधी विसर्ग आणि मग स्वरचिन्ह टाकले, तर काही फोनवर रेघ ‘म’ सोडून विसर्गाच्या डोक्यावर जाते. क्रम उलटा केला की विसर्गाला ठिपक्यांचे वर्तुळ चिकटते. म्हणजे पहिलाच क्रम बरोबर, पण मग रेघ सरकते कशाने? फॉन्टमधल्या मार्क पोझिशनिंगचा (चिन्ह अक्षरावर कुठे बसवायचे त्याच्या माहितीचा) दोष, की चिन्ह दुसऱ्याच फॉन्टमधून उचलले जातेय?

हे करून झालेय: लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट २ (कमी ठेवली की खालची रेघ पुढच्या ओळीच्या वेलांटीत घुसते), ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचा भाग लपवणारी सूचना) काढले. स्वरचिन्हाला वेगळा रंग देण्यासाठी स्पॅन (एचटीएमएल टॅग) घातले होते, त्याने अक्षरच फुटते, तेही काढले. फॉन्ट छाटलेला (मोजकीच अक्षरे ठेवलेला) नाही, पूर्ण फाइल आहे.

प्रत्येक ओळीचे चित्र टाकणे हा उपाय नको, शोध चालत नाही.

सस्वर मजकूर वेबवर टाकलेल्या कुणी नेमका फॉन्ट आणि त्याची आवृत्ती सांगाल का? ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे जुना अँड्रॉइड असेल तर पान तपासून स्क्रीनशॉटही हवा आहे.