कमाटीबागेत सहकुटुंब: तीनच प्राणी, पण पोटभर

सुरसागरकाठची

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून वन्सं येताहेत, सोबत त्यांची दोन मुलं. आमची दोन, सासूबाई, सासरे आणि आम्ही दोघं. मिळून नऊ माणसं, धाकटा ३ वर्षांचा आणि सासरे ७९ चे. बडोद्याला पाहुणे आले की एक दिवस कमाटीबाग ठरलेलीच, आणि त्यातही मुलांना आधी प्राणीसंग्रहालयच हवं असतं. यंदा मी घरात जाहीर केलंय की आपण तीनच प्राणी बघायचे. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय.

असं का ठरवलं ते सांगते. मागच्या वेळी आम्ही साडेदहाला निघालो आणि 'एकही पिंजरा सोडायचा नाही' म्हणून भराभर चालत सुटलो. सिंह झोपलेला, वाघ पाठमोरा, बिबट्या कुठे आहे ते कळेपर्यंत मागच्यांची गर्दी पुढे ढकलायची. बाराच्या सुमारास धाकटा यांच्या खांद्यावर झोपला आणि सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. रात्री जेवताना मुलांना विचारलं, काय काय पाहिलं रे? एक म्हणाला आइस्क्रीम, दुसरा म्हणाला माकड. सिंहाचं नावही कुणी काढलं नाही.

मोठी भाची मात्र पाणघोड्याबद्दल अर्धा तास बोलत होती. झालं असं, की सासरे पाणघोड्यासमोर बसले आणि त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं म्हणून तिला थांबवलं होतं. तेवढ्या वेळात तिने पाहिलं की तो पाण्याखाली जाताना नाकपुड्या घट्ट मिटून घेतो आणि वर आला की आधी कान फडफडवतो, पाणी उडेपर्यंत. तो किती वेळ खाली राहतो हे ती मनात आकडे म्हणत मोजत होती. दर वेळी दोनशेच्या आत नाक वर यायचं. आजोबाही तिच्याबरोबर मोजत होते. त्या अख्ख्या दिवसात खरं काही पाहिलं असेल तर ते या दोघांनी, आणि ते केवळ गुडघे दुखले म्हणून!

तेव्हा यंदा दार उघडतं त्या वेळेला दारात हजर. आधी सिंह, कारण तो दिवसातले वीसेक तास आराम करतो, जागा सापडला तर सकाळी किंवा संध्याकाळीच. मग पाणघोडा. तिसरा प्राणी मुलांनी निवडायचा. एकेकापुढे किमान वीस मिनिटं. त्यानंतर बागेतल्याच म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघून जेवायला घरी.

आणखी एक, ज्यांचे पाहुणे येणार असतील त्यांच्यासाठी. मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवायचा केंद्राचा नियम आहे. तो वार आधी विचारून घ्या. बंद दारासमोर रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

मांजलपूरकर

ताई, मला नाही पटलं. पुण्याची मुलं वर्षातून एकदा येणार आणि तुम्ही त्यांना तीन प्राण्यांवर घरी आणणार?

कमाटीबाग म्हणजे फक्त पिंजरे नव्हेत. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग उभी केली ती ११३ एकरांवर, आणि रयतेसाठी. फुलांचं घड्याळ आहे, बँडस्टँड आहे, म्युझियम आहे. बागेतल्या जुन्या, मुलांच्या छोट्या आगगाडीचं इंजिन आता फत्तेसिंहराव म्युझियमबाहेर ठेवलंय. राजपुत्रासाठी लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात धावणारी गाडी पुढे गावातल्या मुलांची झाली, ही गोष्ट मुलांना सांगाल की नाही? मग दिवस पुरेल कसा?

आमच्या लहानपणी तीन बिऱ्हाडं मिळून जायची. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, थेपले, दहीभात आणि कुणाच्या तरी आईने केलेलं लिंबाचं गोड लोणचं. झाडाखाली सतरंजी पडली की आजी-आजोबा तिथे बसायचे आणि आम्ही पाळीपाळीने जाऊन येऊन त्यांना काय पाहिलं ते सांगायचो. सासऱ्यांचे गुडघे आणि धाकट्याची झोप, दोन्ही प्रश्न सतरंजी सोडवते. तुम्ही सहलीचा अभ्यास करून टाकलात. आणि मुलांना आइस्क्रीम आठवलं तर बिघडलं काय? मलाही दहीभातच आठवतो, पण त्या दहीभाताबरोबर माझे आजोबा आठवतात.

सुरसागरकाठची

आइस्क्रीम आठवलं याचं मला वाईट वाटलं नाही, सिंह आठवला नाही याचं वाटलं. पण सतरंजीचं मनापासून पटलं. आजी-आजोबांपाशी येऊन सांगायचं, हे तर मला सुचलंच नव्हतं. डबा मात्र प्राणीसंग्रहालयाबाहेर, हिरवळीवर.

विश्वामित्रीची लेक

तीन काय नि तीस काय, मुलांना पिंजऱ्यापुढे नेऊच नये असं माझं मत आहे. रागावून लिहीत नाही, मला खरंच तसं वाटतं.

मी सहा-सात वर्षांची असताना दुसऱ्या एका शहरात बाबांनी मला अस्वल दाखवलं होतं. ते भिंतीपासून हौदापर्यंत यायचं, तिथे मान एकदा डावीकडे वळवायचं आणि परत जायचं. पुन्हा तेच, मान वळवायची जागासुद्धा तीच. जमिनीवर त्याच्या येण्याजाण्याची गुळगुळीत वाट पडली होती. बाबा कौतुकाने म्हणाले, बघ कसं नाचतंय! कितीतरी वर्षं मी ते नाचच समजत होते. पुढे प्राणिशास्त्र शिकताना कळलं की बंदिस्त जागेत, करायला काही नसलेला प्राणी असा एकच हालचाल करत राहतो. बाबांची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण आपल्याला आता माहीत आहे ना? मग मुलांना का दाखवायचं?

बरं, बडोद्यातल्या मुलांना पिंजऱ्याची गरजच काय! बागेतूनच विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, भर शहरात, मोकळ्या. थंडीच्या सकाळी काळा घोड्याच्या, म्हणजे सयाजीरावांच्या घोड्यावरच्या पुतळ्याजवळच्या पुलावर उभे राहा. मगर काठावर येऊन उन्हात पसरते आणि अंग पुरेसं तापलं की जबडा उघडा ठेवून पडून राहते. लोकांना वाटतं चिडली. ती तोंडावाटे उष्णता बाहेर टाकत असते. हे दाखवा. त्याला तिकीट नाही आणि तिला कुणी कोंडलेलंही नाही.

वाडीतले मास्तर

बाळ, तुझं अस्वल वाचून गलबलून आलं. मी ३४ वर्षं शाळा शिकवली, दर वर्षी मुलांना घेऊन कमाटीबागेत जायचो, तरीही बोलतो.

घडियालाचं, म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाच्या नदीतल्या मगरीचं उदाहरण घे. नद्यांमधून तो जवळजवळ संपत आला होता. १९७५ मध्ये मगर-प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी उचलून आणली, माणसांच्या देखरेखीखाली उबवली, पिल्लं सहज कुणाची शिकार होणार नाहीत इतकी मोठी केली आणि मग चंबळसारख्या नद्यांत सोडली. हे काम बंदिस्त जागेतच झालं. आपल्या गुजरातेतलं जुनागढचं सक्करबाग प्राणीसंग्रहालय १८६३ चं, तिथे सिंहांची पैदास होते. गीरमधले सिंह वाचले ते मुख्यतः जंगलात त्यांना राखलं म्हणून, हे मी मान्य करतो. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले. पण सगळेच्या सगळे एकाच मुलखात, एखादी साथ आली तर? तेव्हा बाहेर जपलेले सिंह कामी येतील.

दुसरं म्हणजे, पुलावरून मगर दिसते, सिंह दिसत नाही. गीरला जाऊन सफारी करणं किती घरांना परवडतं? माझ्या वर्गात रिक्षावाल्यांची मुलं होती, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं होती. त्यांनी सिंह पाहिला तो इथेच.

सुरसागरच्या ताईंना सांगतो, वीस मिनिटं उभ्या राहणारच आहात तर मुलांना सिंहाच्या पोटाखाली बघायला सांगा. आपल्या सिंहाच्या पोटाला मधोमध कातडीची एक लांब घडी असते, आफ्रिकेतल्या सिंहात ती क्वचित दिसते. आणि आयाळ आखूड असल्याने नराचे कान उघडे दिसतात. वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो तेव्हा मुलं नुसती मान हलवायची. तिथे प्रत्यक्ष घडी दिसली की, "सर, दिसली!" म्हणून ओरडायची आणि मग मलाच त्यांना गप्प करावं लागायचं. कारण संग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खाऊ घालणं, आवाज करून त्रास देणं हा वन्यजीव कायद्याच्या ३८ ज कलमाखाली गुन्हा आहे. हे घरी सांगून मगच निघा. एक शेंगदाणा टाकला तर काय होतं, असं मोठी माणसंच विचारतात.

धाकटीची आई

वादात पडत नाही, दोन महिन्यांपूर्वीच लहान मुलीला घेऊन जाऊन आले म्हणून सांगते. नवे बूट घालू नका. टोपी आणि पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाच्या वेगळ्या. स्वच्छतागृह कुठे आहे ते आत शिरतानाच विचारून ठेवा, गरज पडल्यावर नाही. तीन वर्षांचं मूल सकाळी चालतं, परत येताना चालत नाही, तेव्हा कडेवर कुणी घ्यायचं ते आधी ठरवा. आमच्याकडे ते माझ्यावरच आलं आणि मला बाकी काही बघताच आलं नाही.

विश्वामित्रीची लेक

मास्तर, रिक्षावाल्यांच्या मुलांचं तुमचं म्हणणं मला टाळता येत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, ते मान्य.

घडियालाबद्दल मात्र उत्तर आहे. ती पिल्लं सोडण्यासाठीच वाढवली होती, म्हणून मलाही ते काम आवडतं. पांढऱ्या वाघाचं काय? कुठल्याही शहरात सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापुढे असते आणि लोकांना वाटतं ती दुर्मिळ जात आहे. ती जातच नाही. १९५१ मध्ये रीव्याच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं. पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. तो रंग टिकवायला नात्यातल्या नात्यात पैदास चालू राहिली. पुष्कळ पांढरे वाघ तिरळे असतात ते त्या रंगामुळेच. ते जंगलात सोडण्यासाठी नव्हतेच कधी, फक्त आपण बघावेत म्हणून जन्माला घातले. ताई, मुलांनी तिसरा प्राणी म्हणून कुठेही पांढरा वाघ मागितला, तर एवढं सांगून मग दाखवा.

मांजलपूरकर

हे मला माहीत नव्हतं. माझ्या मुलांना मी पांढरा वाघ 'खास' म्हणून दाखवत आलोय. सांगेन त्यांना.

तरी पुलावर उभं राहणं ही काही सहल नाही. मगर दोन तास हलत नाही. पाच वर्षांचं पोर तिथे किती वेळ थांबेल?

आकोट्याचा

पाच वर्षांचं पोर किती थांबेल ते ठाऊक नाही, पण काठावर उतरू देऊ नका, एवढं हात जोडून सांगतो. फोटोसाठी खाली जाणारे मी रोज बघतो. मगर हलत नाही म्हणून तिला जवळून बघायला जातात. स्थिर पडलेली मगर क्षणात पाण्यात असते आणि तितक्याच वेगात पाण्याबाहेरही येते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा मगरी सोसायट्यांमध्ये आल्या होत्या. स्वयंसेवक आणि वनखात्याची माणसं रात्रंदिवस त्यांना उचलून नेत होती. तरी गावाने त्यांना मारलं नाही. पाहुण्यांच्या मुलांना सांगण्यासारखी ही आपल्या गावाची खरी गोष्ट आहे, पण सांगायची ती कठड्याच्या अलीकडे उभं राहून.

सुरसागरकाठची

सगळं घरात वाचून दाखवलं. सासरे मास्तरांचं दोनदा वाचा म्हणाले. त्यांनी स्वतः लहानपणी इथलाच सिंह पाहिला होता, वडिलांच्या खांद्यावर बसून. हे इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

तर बेत थोडा बदललाय. सकाळी आधी पूल, मगर दिसो न दिसो. सासरे रिक्षाने पुलापर्यंत येतील. मग आत सिंह आणि पाणघोडा, तिसरा प्राणी अजूनही मुलांचा. त्यानंतर हिरवळीवर सतरंजी, पुऱ्या-भाजी आणि मांजलपूरकरांचा दहीभात. सासू-सासरे तिथे बसतील आणि मुलं येऊन त्यांना सांगतील. म्युझियम जमलं तर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. ७२ फुटांचा देवमासा कुठे पळून जात नाही. तीनच प्राण्यांचं मी सोडलेलं नाही, वन्सं अजून नाराज आहेत.

विश्वामित्रीची लेक, तुमच्याकडे दुर्बीण आहे का? शनिवारी सकाळी याल का आमच्याबरोबर?

विश्वामित्रीची लेक

आहे, घेऊन येते. आत मात्र येणार नाही, पुलावर थांबेन. तुमच्या भाचीला सांगा, मगरीचं तोंड किती वेळ उघडं राहतं ते आपण दोघी मोजू.

सुरसागरकाठची

सांगितलं. ती आत्तापासूनच घड्याळ शोधतेय. आठ वाजता, काळा घोड्याच्या बाजूला.