चर्चा: शिबिरात बसून पैसा कळतो का?

दांडियाबाजारकर
गेल्या रविवारी आमच्या मंडळात आर्थिक साक्षरतेचं शिबिर झालं. पन्नासेक माणसं, बहुतेक साठी ओलांडलेली. दीड तास स्लाइड्स: बचत म्हणजे काय, महागाई म्हणजे काय, ओटीपी कुणाला सांगू नका. मग चहा-वडा. वडा खाताना शेजारच्या काकूंनी पिशवीतून एक जाडजूड बाड काढलं आणि हळूच म्हणाल्या, "ही माझी एफडी जरा बघतोस का रे?"

एफडी नव्हतीच ती. विमा पॉलिसी होती. दर वर्षी ५०,००० रुपये, १२ वर्षं. काकू ७२ वर्षांच्या. काकांच्या नावची ठेव पिकली म्हणून बँकेत गेल्या, तिथल्या पोराने "याहून चांगली स्कीम आहे" म्हणत सह्या घेतल्या. पुढे पडताळणीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, हेही त्यानेच पढवलेलं.

नशीब इतकंच की बाड हातात पडून २१ दिवसच झाले होते. आयुर्विम्याची पॉलिसी नको असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. सोमवारी जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. दीड तासाच्या स्लाइड्समध्ये हे ३० दिवस कुठेच नव्हते.

माझं मत: शिबिर हवं, व्याख्यान नको. महिन्यातून एक रविवार टेबल मांडा. ज्याने त्याने आपापला कागद घेऊन यावं.

रावपुरा_६४
म्हणजे फसवणारा मोकळा, आणि काकूंनी बहात्तराव्या वर्षी क्लास लावायचा? दुधात भेसळ सापडली की आपण गिऱ्हाइकाला रसायनशास्त्र शिकवत नाही, दूधवाल्याला धरतो.

शिवाय या शिकवण्याचा उपयोग किती, तेही बघा. २०१४ मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून तिघा संशोधकांनी हिशेब मांडला होता. माणसं पैशाच्या बाबतीत वेगवेगळी वागतात, त्या फरकातला जेमतेम ०.१ टक्का वाटा या शिक्षणाचा निघाला. एवढ्यासाठी मंडळाचा हॉल अडवायचा?

सुरसागर_काठी
वडा कुठला होता?

हिशेबी_मावशी
मी २२ वर्षं भिशी चालवते, तेव्हा मला बोलू द्या. आमची लिलावाची भिशी. वीस बायका, महिना २,०००. जिला नड असते ती ४०,००० च्या जागी ३६,००० उचलते, सोडलेले ४,००० सगळ्यांत वाटले जातात. घाई केली तर पैसा महाग पडतो, हे आमच्यातल्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. तिला व्याज काय शिकवताय? तिला कागदावरची भाषा शिकवा.

माझ्या भाचीचं कर्ज बघा. १ लाख, ३ वर्षं, "फक्त १० टक्के". खाली बारीक अक्षरात 'फ्लॅट'. म्हणजे निम्मं कर्ज फिटलं तरी व्याज पूर्ण लाखावरच. हप्ता ३,६११, व्याज ३०,०००. तेच १० टक्के घटत्या शिलकेवर असते तर हप्ता ३,२२७ आणि व्याज १६ हजारांच्या आसपास. म्हणजे दहा म्हणून विकलेलं कर्ज खरं अठरा टक्क्यांच्या जवळचं. चोपडीत मांडून दाखवलं तेव्हा भाची रडायचीच बाकी होती. गेल्या वर्षी असं व्याख्यान ऐकलं असतं तरी हा एक शब्द तिच्या नजरेतून सुटलाच असता.

दांडियाबाजारकर
@रावपुरा_६४, त्याच अभ्यासात असंही म्हटलंय की शिकलेलं काळाबरोबर विरतं, म्हणून निर्णय घ्यायच्या वेळी शिकवा. माझं टेबल दुसरं काय आहे? आणि २०२२ मध्ये ७६ प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यात शिक्षणाचा फायदा स्पष्ट दिसला.

मांडवीचा_वाचक
आपण बडोदेकर हा वाद घालतोय याचंच नवल वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली, १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. शाळा, बँक, पुस्तक, सगळं पाच वर्षांत. मग पैशाच्या कागदांची फिरती पेटी का नको?

रावपुरा_६४
महाराजांचं नाव घेतलंत तर पुरतं घ्या. ती सक्ती होती, मूल शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड व्हायचा. नुसती पत्रकं वाटून बडोदं शिकलेलं नाही. आज तो दंड कुणाला लावायचा ते सांगा. काकूंना की त्या पोराच्या साहेबाला? मला साहेबाला लावायचाय.

निवृत्त_कॅशियर
काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. त्या पोरावर टार्गेट असतं, साहेबावर त्याहून मोठं. तेव्हा रावपुरा म्हणतात ते खरंच. पण नियम नाहीत असं मात्र नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत एक तथ्यपत्रक द्यावं लागतं, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यावर असतो. मावशींच्या भाचीचे अठरा टक्के त्यावर छापून आले असते. आणि ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. बडोद्यात मराठीतून मागून बघा, समोरचा चष्मा काढून तुमच्याकडे बघेल. मागायचं असतं हेच माहीत नसेल तर नियम फायलीतच राहतो.

बँकेची तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एक पैसा लागत नाही, १४४४८ वर विचारता येतं. नोकरीत असताना मी स्वतः हे किती गिऱ्हाइकांना सांगितलं? विचारू नका.

हिशेबी_मावशी
आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या डब्यांवर चिकटवून दिलं होतं. खाली १९३०, फसवणूक झाली की लगेच फिरवायचा नंबर. सुनेने नाक मुरडलं, पण डबे अजून सगळ्यांच्या ओट्यावर आहेत.

रावपुरा_६४
डबे छान. माझं मत तेच. काकूंचे पैसे आले का?

दांडियाबाजारकर
अजून नाहीत. पोच देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलीय, रोज दिवा लावताना बघतात. त्या पोराचं नाव तक्रारीत घालायला मात्र तयार नाहीत. म्हणतात, "माझ्या नातवाएवढा आहे रे."

हिशेबी_मावशी
पुढच्या रविवारी टेबल किती वाजता? भाचीला घेऊन येते. आणि जावयाच्या स्कूटरचाही एक कागद आहे.