विसरलेल्या ठेवी काढायला एजंटला टक्केवारी का द्यायची?

तापीकाठ (धागा सुरू करणारे)

"तुमच्या आजोबांच्या नावावर बँकेत पैसे पडून आहेत, काढून देतो, वीस टक्के आमचे." असं सांगणारी माणसं आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यापाड्यांत पोहोचली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: बँकेतल्या ठेवीसाठी एक रुपयाही टक्केवारी देऊ नये. आपला पैसा शे भाऊ.

बचत खात्याला दहा वर्षं हात लागला नाही, किंवा एफडीची मुदत संपून दहा वर्षं झाली, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. २०१४ पासून हे चालू आहे. पैसा बुडत नाही आणि दाव्याला कालमर्यादाही नाही. दावा मात्र आपल्या बँकेतच करायचा. शाखेत कोणी "पैसे आरबीआयकडे गेले, तिकडे जा" म्हणालं तर ते चूक आहे. बँकेने आधी तुम्हाला द्यायचे आणि मग निधीतून स्वतः परत घ्यायचे, असा नियम आहे. बचत ठेवीवर व्याजही मिळतं: ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, पुढे साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ पासून. मोबाईल नंबर टाकून नोंदणी करा, खातेदाराचं नाव लिहा, बँकांच्या यादीत 'सर्व' निवडा. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक द्यायचं. यातलं काहीच नसेल तर पत्ता चालतो, आणि आपल्याकडे बहुतेकांची गाडी इथेच अडते. १ जुलै १९९८ आधी नंदुरबार हा वेगळा जिल्हाच नव्हता, त्यामुळे तळोदा-शहाद्याच्या जुन्या खात्यांवर जिल्हा धुळे असतो, तोही 'धुलिया' अशा स्पेलिंगने. मुक्ताईनगर म्हणजे जुन्या वहीतलं एदलाबाद. धरणगावकडच्या गावांना तालुका एरंडोल लिहिलेला असतो. नावाचंही तसंच: चौधरीच्या स्पेलिंगच्या शेवटी कधी आय, कधी वाय, पाटलांचं पूर्ण नाव नसून नुसती दोन आद्याक्षरं, बाईचं खातं माहेरच्या नावाने. प्रत्येक रूप वेगवेगळं टाकून बघा.

नाव सापडलं तर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. रक्कम आणि खाते क्रमांक तिथे दिसत नाहीत. म्हणून जो माणूस दारात येऊन "चार लाख आहेत" असा आकडा सांगतो, त्याला विचारा की हा आकडा आला कुठून.

सातपुडा_पायथा

दादा, तुमची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष शहरातल्या माणसाचा आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर बाप वारला त्याची नोंदच झालेली नसते. वर्ष उलटून गेलं की मृत्यूनोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे आधी ग्रामपंचायत, मग तहसील, मग पुन्हा ग्रामपंचायत, आणि एवढं करून बँकेची पायरी चढायची. प्रत्येक खेपेला रोज बुडतो, जीपचं भाडं जातं. वर आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं, मतदार यादीत तिसरं. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र कोण लिहून देणार?

टक्केवारीला तुम्ही सरसकट वाईट म्हणता. मी म्हणतो गरिबाला तीच परवडते. ठरावीक फी घेणारा आधी पैसे मागतो, काम होवो न होवो. टक्केवारीवाला काम झालं तरच घेतो. पाच हजार आगाऊ भरायची ऐपत नसलेल्या बाईला तुमचा सल्ला म्हणजे पैसे तिथेच राहू दे, असा होतो.

तापीकाठ

आगाऊ फीचा तुमचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण टक्केवारीवाला नुसते श्रम देत नाही, तो कागद ताब्यात घेतो. मूळ पासबुक आणि एफडीची मूळ पावती त्याच्या पिशवीत, कोऱ्या पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा, दाव्याच्या अर्जावर मोबाईल नंबर त्याचा. त्यानंतर टक्का किती हे तोच ठरवतो. मदत घ्यायचीच असेल तर चार गोष्टी पाळा: मूळ कागद हातचे न सोडता झेरॉक्स द्या, नंबर वारसाचाच टाका, मुखत्यारपत्र करून देऊ नका, आणि पैसे फक्त वारसाच्या खात्यात येऊ द्या.

खातेदार स्वतः हयात असेल तर वारसाची भानगडच नाही. नुसती केवायसी करायची, आणि जून २०२५ पासून ती त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येते. मूळ शाखा भुसावळला आणि माणूस सुरतेला असला तरी चालतं. बंद पडलेलं खातं सुरू करायला शुल्क नाही. किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही.

काउंटरपलीकडून

बँकेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. शाखा त्रास देते असं सगळे म्हणतात, पण निम्मे दावे अर्जातल्या चुकीनेच परत जातात.

नामनिर्देशन असेल तर काम सरळ आहे: दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख. नसेल तर त्यात क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे दुसरा हक्कदार निघाला तर बँकेचं नुकसान भरून देऊ, असं लिहून देणं) आणि इतर वारसांची ना-हरकत वाढते. सप्टेंबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नामनिर्देशन नसलं तरी १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र न मागता दावा निकाली काढायचा आहे. कागद पूर्ण झाल्यापासून मुदत १५ दिवस. अर्थात वारसांत वाद नसेल तरच.

आणि वाद तिथेच सुरू होतो. बहिणींची नावं अर्जातून गाळतात. "तिचं लग्न झालं, तिने हक्कसोड दिलं" असं सांगतात, पण ते हक्कसोडपत्र शेतीचं असतं, बँकेतल्या ठेवीला ते लागू होईलच असं नाही. दुसरी चूक आईची. हिंदू पुरुष वारला तेव्हा त्याची आई हयात असेल, तर तीही बायको-मुलांच्या बरोबरीची वारस असते. पुढे ती वारली तर तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो, म्हणजे काका-आत्यांच्या सह्या लागतात. तिसरी चूक म्हणजे तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची वारसनोंद आणून तिला वारसा प्रमाणपत्र समजणं. ती जमिनीपुरती आहे. बंधपत्राला १०० चा मुद्रांक आता चालत नाही, ५०० चा लागतो.

चुकीच्या माणसाला पैसे गेले तर उरलेले वारस आधी बँकेवरच येतात. म्हणून शाखा सह्या मागते.

साक्रीची_लेक

काउंटरपलीकडून, बहिणींच्या सह्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पण मूळ जबाबदारी तुम्ही वारसांवर ढकलताय, ते मला मान्य नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी बँकेला सांगितलंय की खातेदार सापडत नसेल तर नॉमिनी, वारस, खातं उघडताना ओळख देणारा यांचा माग काढा. शिवाय जुन्या ठेवी परत केल्याबद्दल १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर रिझर्व्ह बँक बँकांना प्रोत्साहन रक्कम देते आहे. खातेदाराच्या गावाचं नाव बँकेकडे आहे, यादीही आहे. ती ग्रामसभेत का वाचली जात नाही? चावडीवर का लागत नाही? पिंपळनेरच्या म्हातारीने रोमन स्पेलिंग बदलून बदलून पोर्टलवर शोधावं ही अपेक्षाच चुकीची आहे. बँक गावात गेली तर टक्केवारीवाल्याला कामच उरणार नाही.

काउंटरपलीकडून

चावडीवर यादी लावली की पहिला वाचणारा तोच एजंट असेल, ताई. पण नॉमिनी आणि वारस शोधण्यात बँका कमी पडतात, हे मान्य.

अमळनेर_डीमॅट

सगळे फक्त बँकेवर बोलताय. आमच्या अमळनेरात प्रश्न शेअरचा आहे. १९४५ साली विप्रो इथेच सुरू झाली, जुन्या घरांत तिचे कागदी शेअर निघतात. लाभांश सलग सात वर्षं घेतला नाही की शेअरच केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, आयईपीएफमध्ये, वर्ग होतात. ते परत आणणं हे बँकेच्या दाव्यासारखं नाही, आणि इथे मी तापीकाठ यांच्या विरुद्ध आहे. जाणकार माणूस पैसे देऊन घ्यावा.

आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) केवायसी आणि सहीची पडताळणी, मग वारसाच्या नावे हस्तांतर, मग कंपनीचं पात्रतेचं पत्र, आणि त्यानंतरच निधीतून शेअर परत मागायचा आयईपीएफ-५ अर्ज. हा क्रम चुकवून जो थेट अर्ज भरतो त्याचा अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९८० च्या कागदावरची सही आज जुळत नाही, तिथेही महिने जातात. फक्त मोबदला ठरावीक असावा. शेअरच्या बाजारभावावर टक्का कबूल केलात तर काम तेवढंच, पण भाव वाढेल तशी फी वाढते.

तापीकाठ

शेअरबद्दल मान्य. माझं म्हणणं बँकेतल्या ठेवीपुरतंच आहे.

केळीबाग_रावेर

आमच्याकडच्या लोकांच्या ठेवी पतसंस्थांत अडकल्यात. उद्गमवर नाव टाकलं, काहीच येत नाही.

तापीकाठ

येणार नाही, नाना. उद्गमवर तीसच बँका आहेत. जिल्हा बँक त्यात नाही, तिच्यासाठी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. पतसंस्था तर बँकच नव्हे. तिचा पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जात नाही आणि तिला ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षणही नाही. तिथे सरकारचं सहकार खातं बघतं. संस्था चालू असेल तर संस्थेकडे अर्ज आणि त्याची प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे. संस्था अवसायनात गेली असेल, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर दावा ते काम बघणाऱ्या अवसायकाकडे. ठेव पावतीची झेरॉक्स जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मूळ पावती "तपासायला ठेवतो" म्हणून मागितली तरी देऊ नका. समोर बसून दाखवा आणि परत घ्या.