सल्ला देणं-घेणं ही साधना : तुमच्याकडची रीत सांगा (अनुभव धागा)

खंजिरी
तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी जवळ आली, अन् सामुदायिक प्रार्थनेनंतर पारावर बसणारी जुनी मंडळी आठवली. कोणी काही विचारलं की आधी पाणी, मग पुरतं ऐकणं, अन् शेवटी "उद्या सांगतो". तुमच्याकडची रीत लिहा. घरची प्रकरणं अन् नावं नकोत.

पऱ्हाटी
गीताच पहा नं. पहिल्या अध्यायात कृष्ण उपदेश करतच नाही. रथ मधात नेते अन् "हे जमलेले कौरव पाहा" एवढंच म्हणते. दुसऱ्यात सुरुवातीला दोन श्लोक खडसावते, त्याचा काही उपयोग होत नाही. सातव्या श्लोकात अर्जुन "मी शिष्य, मला शिकव" म्हणते, अन् अकराव्यापासून खरा उपदेश. १८व्या अध्यायाच्या ६३व्यात काय सांगते? पूर्ण विचार कर, मग वाटेल तसं कर. म्हणजे विचारल्याबिगर देऊ नये, अन् देऊन झाल्यावर दोरी ज्याची त्याच्या हाती.

बोरीबाभळी
अन् ६४व्यात पुन्हा "ऐक" म्हणून सुरू होतेच नं गा 😄

पऱ्हाटी
हो बाप्पा, देवालाही राहवत नाही.

माय_वऱ्हाडची
१७व्या अध्यायात वाणीचं तप आहे, ते रोजच्या कामाचं. बोलणं न टोचणारं, खरं, गोड अन् हिताचं. आपल्याकडे खरं अन् हिताचं असते, बाकी दोन राहून जातात. पंगतीत "दारू सोड" म्हटलं की माणूस चारचौघांत इज्जत वाचवायला उलट बोलते, अन् तो विषयच कायमचा बंद होते. एकट्यात बोला, सकाळी, तो शुद्धीत असताना. एका बैठकीत एकच गोष्ट.

सातपुडा
गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडत, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. उत्तर लोकांच्या तोंडून आलं की ते त्यांचं होते. आपण मात्र उत्तर पहिले देतो.

वनहक्क
गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव पहा. अभ्यास गट वेगळा, ग्रामसभा वेगळी. गट माहिती काढते, जाणकाराला बोलावते, उलटसुलट चर्चा करते, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत अन् सर्वसहमतीनं, मतं मोजून नाही. यात सल्ला देणाऱ्याचा अहंकार आपोआप आवरते, कारण त्याचं म्हणणं मान्य झालं काय अन् नाही झालं काय, हार-जीत होत नाही. पवनारला विनोबांच्या ब्रह्मविद्या मंदिर आश्रमातही सर्वसंमतीचीच रीत.

दादा_कास्तकार
घेणाऱ्याचीही साधना आहे की नाही? पाच जणांना विचारायचं, अन् आपल्या मनात होतं तेच जो बोलला त्याचं ऐकायचं, हे विचारणं नव्हे. दोघांनाच विचारा, त्यातला एक तरी विकणारा नसावा. सांगितलेलं कागदावर लिहा. आधी पिकाच्या दोन तासांवर (ओळींवर) करून पहा, मग सगळ्या वावरात. अन् काय झालं ते सांगायला परत जा, हे कोणीच करत नाही.

हिरवं_बोंड
दादा, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी काय मारू ते सांगा

दादा_कास्तकार
आधी मोजा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग धरणारे). सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा एकरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून दोनात अळी निघाली, तर फवारणी. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा. आकडा आणा, मग औषधाचं बोलू.

माय_वऱ्हाडची
पहा, हेच. उत्तराआधी प्रश्न.

ओवाळणी
"उद्या सांगतो" सगळीकडे चालत नाही. माणूस "आता जगून काय" असं बोलला तर त्याच घडीला बसा. "जीव द्यायचं मनात येते का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कर्जाचा हिशेब, "लेकरांकडे पाह्य", "असं बोलू नये" हे तेव्हा नको, त्यानं तो गप्प होते. एकटं सोडू नका. फवारणीचे डबे घरातून हलवा, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा (मनाच्या त्रासासाठी सरकारी मदतीचा) नंबर चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. स्वतः लावून द्या, "फोन कर" म्हणून निघून येऊ नका. इथं गुप्ततेचा नेमही मोडायचा, घरच्या एकाला तरी सांगायचंच.

सातपुडा
हे ग्रुपवर टाकतो, चालेल नं?

ओवाळणी
टाका. अन् ज्या घरात असं घडून गेलं तिथं महिनाभर सल्ला नकोच. डबा न्या, बैलाला चारापाणी करा, कागदपत्रांसाठी तहसीलला सोबत जा.

बोरीबाभळी
विषय सोडून विचारतो. पावसाळ्यात खंजिरी बद्द वाजते, काय करावं?

खंजिरी
ओल धरते चामडं. विस्तवापासून हातभर दूर धरून फिरवत शेका. एका जागी धरली की तडकते.

हिरवं_बोंड
सापळ्यातली गोळी किती दिवसांनी बदलायची?

दादा_कास्तकार
पुडीवर लिहिलं असते. तंबाखूचा हात लावू नको. हडंबा (मळणीयंत्र) आला, सोयाबीन काढून घेतो, बाकीचं रातच्याला.